वादळात आंब्याची मोठी फांदी बेचक्यातून फाटली, कापू की बांधू?

उन्हाळवाट (शनिवार, सकाळी ७:१२)
मंडळी, मदत हवीय आणि जरा लवकर हवीय. काल रात्री वादळ झालं, सकाळी उठून बघतो तर आंब्याची एक मोठी फांदी खाली. म्हणजे पूर्ण तुटली नाहीये. झाड कलमी, १२ वर्षांचं, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर त्याला बेचकं आहे आणि तिथून दोन जवळपास सारख्या जाडीच्या फांद्या वर जातात, त्यातली एक बेचक्यातूनच फाटून एका बाजूला लोळलीय. शेंडा जमिनीला टेकलाय आणि वरचं टोक सालीच्या एका पट्ट्यावर आणि थोड्या लाकडावर लटकलंय. जाडी माझ्या मांडीएवढी, मोजली तर साडेपाच इंच भरली. अंगावर भरपूर कैऱ्या आहेत, बहुतेक त्यांच्याच वजनाने गेली असावी.

वडील म्हणतात खोडाला लागून सपाट काप आणि वर डांबर फास. शेजारचे काका म्हणतात दोरीने ओढून घट्ट बांध, हाड जुळतं तशी जुळेल. मी मधे कोयता घेऊन उभा. पानं अजून हिरवीगार दिसतायत त्यामुळे कापायचा जीव होत नाही. काय करू?

शेंडाखुडी (७:२०)
सगळ्यात आधी तो कोयता खाली ठेव.

निंबोणी (७:३१)
फांदी वायरवर पडली नाहीये ना? विजेच्या तारेला कुठं एखादी डहाळी जरी टेकत असेल तरी हात लावू नकोस, वीज कंपनीला फोन कर आणि लांब थांब. ओली फांदी शॉक देते, तार बंद आहे असं नुसतं दिसण्यावर जाऊ नये. आणि त्या झाडाखाली लहान पोरं फिरत असतील तर आधी दोरी लावून जागा अडव.

उन्हाळवाट (७:३८)
तार लांब आहे ताई, तो प्रश्न नाही. जागा अडवतो. कोयता ठेवला.

करवतवाला (८:०५)
मी झाडं छाटायचं काम करतो, वीसेक वर्षं झाली. दोन गोष्टी सांग म्हणजे नीट बोलता येईल. एक, ती चीर बेचक्यातून खाली खोडात किती गेलीय? पातळ काडी घालून बघ कुठवर जाते. दुसरं, फाटलेल्या जागी आतून साल दिसतेय का? म्हणजे दोन्ही फांद्यांच्या मधोमध जिथं लाकूड असायला हवं तिथं काळपट जुनी साल अडकलेली आहे का?

पानं हिरवी आहेत यावर जाऊ नकोस. तोडून फुलदाणीत ठेवलेली फांदी पण चार दिवस हिरवीच असते.

उन्हाळवाट (८:२६)
काडी साधारण आठ इंच आत गेली, मग अडली. आणि हो, आत वरच्या बाजूला काळी साल आहे, चांगली हातभर. खालचं ताजं लाकूड पांढरं पिवळं आहे आणि ते फाटलेलं आहे. मला वाटलं ती कीड आहे.

करवतवाला (८:५०)
कीड नाही ती. हेच कारण आहे फाटण्याचं, कैऱ्या आणि वारा नुसते निमित्त. दोन फांद्या अगदी अरुंद कोनात, इंग्रजी व्ही सारख्या एकमेकींना चिकटून वाढल्या की दोघींची साल मधे चेपली जाते आणि वर्षानुवर्षं आतच राहते. बाहेरून वाटतं सांधा भक्कम आहे पण आत लाकूड लाकडाला धरूनच नसतं, दोन पुस्तकं शेजारी शेजारी उभी ठेवल्यासारखं. जोर आला की उकलतं. ज्या फांद्या रुंद कोनात निघतात त्यांच्या सांध्यात लाकडाचे धागे एकमेकात गुंतलेले असतात, त्या अशा सहजी फाटत नाहीत.

माझं मत, कापून काढ. साडेपाच इंचाची फांदी, अर्ध्याहून जास्त सुटलेली, आतला सांधा मुळात कधी जुळलेलाच नव्हता. बांधून तू दोन वर्षं ढकलशील आणि मग ती पुन्हा जाईल, त्या वेळी खोड पण सोबत फाडून नेईल.

बांधावरचा (९:१४)
करवतवाले साहेबांचा अनुभव मोठा आहे पण सरसकट कापा म्हणायला मी तयार नाही. माझ्याकडे पेरूचं एक झाड होतं, बेचकं असंच फाटलं होतं, त्याच दिवशी फांदी उचलून जागेवर बसवली, आरपार भोक पाडून आटे असलेली लोखंडी सळई घातली, दोन्ही बाजूंना मोठा वॉशर आणि नट. वर सळईपासून पुढे जिथं फांदीची दोन तृतीयांश उंची येते तिथं दोन्ही फांद्यांना एकमेकींशी केबलने जोडलं. झाड पुढे ९ वर्षं फळत होतं, नंतर दुसऱ्या कारणाने काढावं लागलं.

पण अटी आहेत. त्याच दिवशी करायचं, आतला ओला थर वाळायच्या आत. आणि फांदीभोवती तार किंवा दोरी गुंडाळायची नाही कधीच. काकांना सांगा, हाड जुळतं तसं लाकूड जुळत नाही.

पानापानात (९:४०)
हाडाचं उदाहरण इतक्या लोकांच्या तोंडी आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते (मी वनस्पतीशास्त्र शिकवते, लांबण लागली तर माफ करा).

आपल्या जखमेत जुन्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात, जखम भरते. झाडात तसं काहीच होत नाही. फाटलेलं लाकूड कायमचं फाटलेलंच राहतं, ५० वर्षांनी कापून बघितलं तरी ती चीर आत जशीच्या तशी सापडेल. झाड काय करतं तर जखमेच्या भोवती आतल्या आत भिंती घालतं, बिघाड तिथल्या तिथं कोंडतं, आणि साल आणि लाकूड यांच्यामधे जो अगदी पातळ वाढीचा थर असतो तो कडेने नवीन लाकूड तयार करत जखमेवर लाटेसारखा सरकत येतो. म्हणजे भरणं नाही, झाकणं. हे नीट मांडलं अॅलेक्स शायगो नावाच्या अमेरिकन वनखात्यातल्या शास्त्रज्ञाने, त्याने चेनसॉने हजारो झाडं उभी चिरून आत बघितलं आणि १९७७ साली या चार भिंतींची कल्पना छापली, कोडिट म्हणतात तिला. वर खाली जाणाऱ्या नळ्यांमधली भिंत सगळ्यात कच्ची, म्हणून कुजणं उभं लांबवर जातं. आणि जखम झाल्यानंतर जे नवीन लाकूड येतं त्याच्या अलीकडची भिंत सगळ्यात पक्की, म्हणून जुनं लाकूड आतून पोकळ झालं तरी बाहेरचं नवीन शाबूत राहतं. झाडाच्या ढोल्या बघितल्यात ना, पोकळ असून जिवंत असतात त्या याचमुळे.

तार गुंडाळली की तोच पातळ थर चेपला जातो, आणि त्याच्या बाहेर अंतर्साल असते जिच्यातून पानात तयार झालेलं अन्न खाली मुळांकडे जातं. फास बसला की अन्न अडतं, तारेच्या वर फुगतं आणि काही वर्षांत फांदी तारेपाशीच तुटते. बांधावरच्या काकांची सळई आरपार जाते, ती छोटी जखम करते पण गळा आवळत नाही, त्यामुळे ते तत्त्व बरोबर आहे.

शेंडाखुडी (९:४७)
लांबण लागलीच. पण चांगली लागली.

करवतवाला (९:५८)
काका, पेरूचं लाकूड आणि आंब्याचं लाकूड यात फरक आहे हो. पेरू चिवट. आणि तुमच्या फांदीची जाडी काय होती? माझा अंदाज मनगटाएवढी. इथं मांडीएवढी आहे, शिवाय सांध्यात साल अडकलेली. सळई टाकली तरी ती धरणार कशाला? दोन सुट्या लाकडांना. त्या वजनाखाली रोज हलणार. नट ढिला पडला की भोक मोठं, भोक मोठं की पाणी.

बांधावरचा (१०:२०)
जाडी तीन इंच असेल. बरं, साल अडकलेली आहे हे मी नीट वाचलं नव्हतं. मग कापा. पण कमी जाडीची, निम्म्याहून जास्त धरलेली फांदी असेल तर बघणाऱ्यांनी लगेच करवत घेऊ नये एवढंच माझं म्हणणं.

उन्हाळवाट (१०:३५)
ठीक, कापतो. जरा वाईट वाटतंय पण ठीक. कसं कापू तेवढं सांगा. घरी धनुष्यासारखी करवत आहे आणि भाड्याची चेनसॉ आणता येईल.

करवतवाला (११:०२)
चेनसॉ आयुष्यात पहिल्यांदा आज चालवणार असशील तर आणू नकोस. शिडीवर उभं राहून तर मुळीच नाही. साडेपाच इंच हाताच्या करवतीने अर्ध्या तासात होतं, घाम येईल इतकंच.

लक्षात ठेव, तुझी फांदी दोन ठिकाणी टेकलीय, शेंडा जमिनीवर आणि बूड बेचक्यात. अशा फांदीच्या वरच्या अंगाला दाब असतो आणि खालच्या अंगाला ताण. वरून खोल कापत गेलास तर पातं चावून बसेल, निघणार नाही. म्हणून आधी वरून थोडंसं, पाव जाडी, आणि मग खालून वर. मोकळ्या लटकणाऱ्या फांदीत बरोबर उलटं, तिथं आधी खालून आणि मग वरून. जमिनीकडच्या ज्या बारीक डहाळ्या दबल्यात त्या स्प्रिंगसारख्या असतात, कापताच उसळतात, तोंड समोर ठेवू नकोस. आणि उताराकडे किंवा फांदी जिकडे घरंगळेल तिकडे उभा राहू नकोस.

क्रम असा. एकदम बेचक्याकडे जाऊ नको. शेंड्याकडून सुरुवात, आधी कैऱ्या उतरव, मग बारीक डहाळ्या, मग दोन दोन फुटांचे तुकडे. बुडाशी दीड फुटाचा ठोकळा उरला की वजन जवळपास गेलेलं असतं, मग शेवटचे तीन घाव. पहिला खालून, खोडापासून फूटभर लांब, पाव ते एक तृतीयांश जाडीपर्यंत. दुसरा वरून, पहिल्याच्या दोन बोटं पुढे, ठोकळा पडेपर्यंत. खालचा घाव असल्यामुळे पडताना साल खोडावरून सोलत जात नाही. तिसरा घाव शेवटचा, खोडाजवळचा, ठोकळ्याला हाताने आधार देऊन.

निंबोणी (११:१०)
आणि हातमोजे, पूर्ण बाह्या, डोळ्यावर चष्मा. आंब्याचा चीक कातडी भाजतो, डोळ्यात गेला तर हाल होतात. आंबा बिब्ब्याच्या कुळातलाच आहे शेवटी. मला एकदा मनगटावर लागला होता, काळा डाग सहा महिने होता.

पानापानात (११:२५)
शेवटचा घाव कुठे घ्यायचा याबद्दल. वडील म्हणतायत तसा खोडाला लागून सपाट नाही. साधी बाजूची फांदी खोडातून निघते तिथं बुडाशी एक फुगवटा असतो, कडं घातल्यासारखा, तो फांदीचा नसून खोडाचा भाग असतो आणि भिंत घालायची सगळी तयारी तिथंच असते. सपाट कापलं की तोच जातो आणि जखमही मोठी होते. उलट हातभर खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो आणि कुज त्यातून खोडात शिरते. म्हणून फुगवट्याच्या लगेच बाहेर.

पण तुमची केस थोडी वेगळी आहे. दोन सारख्या जाडीच्या फांद्यांच्या बेचक्यात असा फुगवटा बनतच नाही. तिथं बेचक्याच्या वरच्या बाजूला सालीची जी उंचवट्याची रेघ दिसते तिच्या लगेच बाहेरून सुरू करून तिरपं खाली उतरायचं. फाटलेली बाजू असल्यामुळे तुम्हाला खालचा भाग स्वच्छ मिळणार नाही, जेवढं मिळेल तेवढं.

शेंडाखुडी (११:३३)
एक खुळचट प्रश्न. कापलेल्या फांदीवरचे शेंडे कलमाला वापरता येतील का? चांगल्या जातीचं झाड असेल तर हळहळ तेवढीच कमी.

बांधावरचा (११:५०)
खुळचट अजिबात नाही. आजच्या आज घ्या. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, डोळा फुगलेल्या पण न उमललेल्या काड्या, पानं देठ ठेवून कापून टाका, ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत सावलीत. कलम बांधायला खुंट, म्हणजे मुळं असलेलं आंब्याचं रोप, तयार असेल तर एक दोन दिवसात लावा. आंब्याच्या काड्या फार टिकत नाहीत.

उन्हाळवाट (शनिवार, संध्याकाळी ६:४८)
झालं. आणि एक चूक पण झाली, शिव्या घाला.

सगळं क्रमाने केलं, वरून पाव मग खालून, अगदी सुरेख तुकडे पडत होते. शेवटी बुडाशी एक फुटाचा ठोकळा राहिला आणि मला वाटलं आता एवढ्याशा ठोकळ्याला कशाला खालून घाव, थकलो होतो, वरूनच कापत गेलो. तीन चतुर्थांश झालं आणि तो ठोकळा वजनाने कलंडला आणि खालची साल खोडावरून वीतभर सोलून घेऊन गेला. आवाज अजून कानात आहे, कापड फाडल्यासारखा. आता वर कापलेली जखम साडेपाच इंचाची आणि तिच्या खाली दोन इंच रुंद, वीतभर लांब उघडं लाकूड. वडील न बोलता आत निघून गेले.

करवतवाला (७:०५)
प्रत्येकाचं एक झाड असं असतं. माझं पण आहे.

पानापानात (७:२२)
घाबरू नका. सोललेली साल अजून खाली लोंबत असेल तर बघा, ओली आणि लवचीक असेल आणि तास दोन तासच झाले असतील तर जागेवर दाबून बारीक खिळ्यांनी किंवा रुंद पट्टीने दोन तीन आठवडे धरता येते, कधी कधी चिकटते. वाळली असेल तर धारदार सुरीने जिथं साल लाकडाला घट्ट चिकटलेली आहे तिथपर्यंतच ढिली साल कापून टाका. कडा स्वच्छ पाहिजेत बस. जुन्या पद्धतीत जखमेला पानाच्या आकाराचं टोक काढायला सांगायचे, त्याची गरज नाही, त्यात चांगली साल उगाच जाते. सुरी आधी स्पिरिटने पुसून घ्या.

उन्हाळवाट (७:३०)
लोंबणारी साल ठोकळ्यासोबतच गेली. कडा साफ करतो. आता वर काय लावू? वडिलांचा डांबराचा डबा तयार आहे.

पानापानात (७:४१)
काही लावू नका. डांबर, ऑइलपेंट, सिमेंट, शेण, काहीच नाही. त्याखाली ओल कोंडते, डांबर उन्हात तडकतं आणि फटीत बुरशीला मस्त घर मिळतं. शायगोने रंग लावलेल्या आणि न लावलेल्या जखमा उघडून बघितल्या आणि रंगाने कुज थांबते असं त्याला काही दिसलं नाही.

बांधावरचा (८:१०)
ताई, डांबराबद्दल मान्य. पण काहीच नाही हे मला पटत नाही. पावसाच्या तोंडावर आंब्याची ताजी जखम उघडी ठेवली तर फांदीमर वरून खाली उतरते हे मी पाहिलंय. आम्ही बोर्डो पेस्ट लावतो. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. तुम्हाला एका झाडाला त्याच्या दहाव्या हिश्श्याने करा, तेही उरेल. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात, लोखंडाच्या किंवा पत्र्याच्या अजिबात नाही, मग एकत्र ओतत ढवळायचे. झालं की त्यात लोखंडी सुरीचं स्वच्छ पातं मिनिटभर बुडवून बघा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. त्याच दिवशी वापरा.

पानापानात (८:३४)
काका, बोर्डोला माझा विरोध नाही, ते बुरशीनाशक आहे, मलम नाही. ते हवा बंद करत नाही. सालीवर, कडेवर लावा हवं तर. माझा आक्षेप "जखम बंद केली म्हणजे भरली" या समजुतीला आहे. आणि झाडाप्रमाणे नियम बदलतात हेही खरं, प्लम आणि चेरीला चंदेरी पान रोगाचे बीजाणू ओल्या थंड दिवसात ताज्या जखमेतून शिरतात म्हणून त्यांची छाटणी कोरड्या उन्हाळी दिवसात करतात.

शेंडाखुडी (८:४०)
अवांतर: बोर्डो म्हणजे फ्रान्समधलं ते शहर. तिथं रस्त्याकडेच्या द्राक्षाच्या वेलींवर चोरांनी हात लावू नये म्हणून मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडायचे, मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की त्याच वेलींवर केवडा नावाचा बुरशीसारखा रोग कमी आहे. १८८५ मधे त्याने ते छापलं. म्हणजे जगातलं एक नावाजलेलं औषध मुळात बुजगावणं होतं.

करवतवाला (९:०२)
उरलेल्या फांदीकडे बघ आता. इतकी वर्षं जोडीने वाऱ्याला तोंड देत होत्या, आता ती एकटी आणि वजन सगळं एका बाजूला. तिच्या टोकाकडचं थोडं वजन कमी करावं लागेल, लांब आडव्या गेलेल्या डहाळ्या मागच्या फाट्यापर्यंत आखूड करायच्या. पण आज नाही. या मोसमात जवळपास निम्मी पानं आधीच गेलीत, एरवी एका वर्षात चौथ्या हिश्श्याहून जास्त काढू नयेत, झाड अन्न कशातून करणार. तोवर तिच्यावरच्या निम्म्या कैऱ्या उतरव आणि खाली बेचकं असलेल्या काठीचा टेकू दे, टेकूच्या आणि फांदीच्या मधे गोणपाट किंवा सायकलच्या ट्यूबची घडी ठेव नाहीतर साल घासली जाईल.

आणि ती आठ इंचाची चीर. बारीक पेनाने तिच्या खालच्या टोकाला सालीवर तारीख टाकून खूण कर. पुढच्या वादळानंतर चीर खुणेच्या खाली सरकली तर मला विचारायला थांबू नकोस, जवळपासच्या जाणत्या माणसाला बोलाव.

निंबोणी (९:१५)
जी साल इतकी वर्षं सावलीत होती तिच्यावर आता थेट ऊन येणार, भाजते ती, मग उभ्या भेगा पडतात आणि तिथून खोड पोखरणारा भिरूड शिरतो. चुन्याची निवळी नको, दाट चुना लाव त्या बाजूला. आणि खत घालू नकोस बिचाऱ्याला बरं वाटावं म्हणून. नत्र मिळालं की नुसते लांब कोवळे फुटवे येतील. बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन, खोडाला न चिकटवता, आणि पाऊस लांबला तर पाणी.

उन्हाळवाट (२३ दिवसांनी)
अपडेट. चुना लावला, टेकू दिला, कडांना बोर्डो लावली. काड्या पाच बांधल्या होत्या, दोन जगल्यासारख्या दिसतायत. चीर खुणेच्या वरच आहे.

आता जखमेच्या भोवती फुटव्यांचा झुपका आलाय, ब्रशसारखा, मोजले तर १७. काढू का? वाईट वाटतं, हिरवं दिसतंय म्हणून.

शेंडाखुडी (२३ दिवसांनी)
तुला प्रत्येक हिरव्या गोष्टीचं वाईट वाटतं.

करवतवाला (२३ दिवसांनी)
सगळे ठेवू नको, सगळे काढूही नको. पहिला मोसम बरेचसे राहू देत, त्यांची पानं जखमेच्या कडेला तिथल्या तिथं अन्न देतात. पुढच्या वर्षी रुंद कोनात निघालेले, बाहेरच्या बाजूला जाणारे, एकमेकांपासून लांब असे दोन तीन निवड आणि बाकीचे काढ. असे फुटवे सुरुवातीला वरवर चिकटलेले असतात, पाचेक वर्षं त्यांच्यावर फळांचं ओझं येऊ देऊ नकोस.

बांधावरचा (२३ दिवसांनी)
फुटवे कलमाच्या सांध्याच्या वरून आलेत ना, हे आधी बघा. सांध्याच्या खालून आलेला फुटवा खुंटाचा, तो वेगळंच फळ देईल आणि कलमावर शिरजोर होईल. तो लगेच बुडातून काढा.

उन्हाळवाट (२३ दिवसांनी)
सांधा जमिनीपासून फूटभर वर आहे आणि हे सगळे पाच फुटांवर. तीन खाली पण आलेत, आजच काढतो.

उन्हाळवाट (१४ महिन्यांनी)
धागा वर काढतोय. झाड जिवंत आहे, मोहोर आला, फळं बेताची. फुटव्यांतले तीन ठेवलेत. काल जखमेचं नीट माप घेतलं आणि एक गंमत कळली म्हणून लिहितोय.

जखमेच्या डाव्या अर्ध्या भागावर काळा थर होता. मला वाटलं बुरशी. खरवडून बघितलं तर डांबर! वडिलांना विचारलं तर म्हणाले, हो, त्याच आठवड्यात लावलं होतं, अर्ध्यावर डबा संपला. आणि १४ महिने एक शब्द नाही. म्हणजे माझ्या नकळत डावीकडे डांबर, उजवीकडे उघडं. कडेने आलेली नवीन लाकडाची वळी डावीकडे २२ मिलिमीटर, उजवीकडे २३. डांबर काही ठिकाणी पापुद्र्यासारखं सुटलंय आणि त्याखाली मुंग्या आहेत.

पण खाली जिथं माझ्या आळसाने साल सोलली गेली तिथं वळी जेमतेम ९ मिलिमीटर, आणि मधलं लाकूड करडं होऊन तडकलंय, नखाने दाबलं तर किंचित मऊ लागतं.

पानापानात (१४ महिन्यांनी)
एका झाडावरून काही सिद्ध होत नाही पण मी हा फोटो वर्गात दाखवणार आहे, परवानगी द्या. मऊ लागतंय तिथं कोरू नका, भोक पाडून पाणी काढायच्या भानगडीत पडू नका, सिमेंट तर नाहीच. कोरलं की झाडाने आत घातलेली भिंतच फुटते. सुटा भुसा असेल तर ब्रशने झाडा, बस.

बांधावरचा (१४ महिन्यांनी)
कडांना बोर्डो होती म्हणून दोन्हीकडे सारखी वळी आली असं मी म्हणू शकतो बरं का.

पानापानात (१४ महिन्यांनी)
म्हणू शकता काका. मी नाही म्हणू शकते.

करवतवाला (१४ महिन्यांनी)
चिरेची खूण?

उन्हाळवाट (१४ महिन्यांनी)
तिथंच आहे. वडिलांना २२ आणि २३ चा आकडा दाखवला. चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, एक मिलिमीटर म्हणजे नेमकं किती.